नवचैतन्य सोसायटीची कागदी टीम

कोपरखैरण्याच्या नवचैतन्य सोसायटीत अठरा फ्लॅट होते, दोन विंग होत्या, एक गळकी टाकी होती आणि श्यामसुंदर केळुसकर नावाचा एक सेक्रेटरी होता. टाकी तीनदा बदलून झाली होती. सेक्रेटरी नऊ वर्षं तोच होता.

महाप्याच्या एका कंपनीत तो डिस्पॅच क्लार्क. आलेल्या कागदावर आवक आणि गेलेल्या कागदावर जावक असे शिक्के मारण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, आणि तिथे त्याला विचारून कोणी खिडकीसुद्धा उघडत नसे. पण संध्याकाळी कंपनीची बस सेक्टरच्या नाक्यावर थांबली की त्याची चाल बदलायची. वॉचमन स्टुलावरून उठायचा. क्रिकेट खेळणारी पोरं बॉल पाठीमागे लपवायची. आणि वरच्या कुठल्या तरी गॅलरीतून हाक यायची, "सेक्रेटरीसाहेब, जरा येता का?" या एका हाकेवर तो माणूस जगत होता. सोसायटीचे उपविधी त्याला तोंडपाठ होते. रामरक्षा म्हणताना तो मध्येच अडखळायचा, उपविधी म्हणताना कधीच नाही.

सत्त्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये केबलवाल्या दिपेशच्या डोक्यात फुटबॉल शिरला. दिपेश तळवलीचा. त्याच्या बापाच्या भातशेतात आता चारमजली इमारती उगवल्या होत्या, आणि त्यातल्या एकीत रबाळ्याच्या कारखान्यात आलेला एक इंग्रज इंजिनीअर भाड्याने राहत होता. त्या गोऱ्याने त्याच्या देशातला एक कागदी खेळ दिपेशला शिकवला. दिपेशला खेळाशी काही देणंघेणं नव्हतं. पण नवीन स्पोर्ट्स चॅनल कोणी घेईना, आणि लोकांना चटक लावल्याशिवाय ते खपणार नाहीत एवढं त्याला कळत होतं. त्याने सेक्टरमधल्या आठ सोसायट्यांच्या सेक्रेटरींना केबलच्या ऑफिसात बोलावलं.

"सोपा हाय, सायेब," तो म्हणाला. "तिकडं विलायतंला दर शनवारी म्याच असतान. तुमी हितं कागदावर अकरा जनांची नावं लिवायची. कुठल्या बी टीमची, चालतंय. तुमच्या मानसानं तिकडं गोल मारला, नायतर कीपरनं अडवला, का हितं तुमाला पॉइंट. नाय खेलला का भोपला. एकाला कप्तान करायचा, त्याचं पॉइंट डबल. दर शुक्रवारी नवीन लिस्ट, सात वाजता पेटी बंद. मे महिन्यात ज्याचं पॉइंट जास्ती, त्या सोसायटीला कप."

आता एखाद्या अडाणी माणसाने काय केलं असतं? पेपर उघडून कोण बरा खेळतोय ते पाहिलं असतं आणि अकरा नावं लिहून मोकळा झाला असता. पण नवचैतन्य ही नोंदणीकृत सहकारी संस्था होती. तिथे असला बेबंदपणा चालत नसे. श्यामसुंदरने रीतसर नोटीस काढून गच्चीवर सभा बोलावली. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. विषय क्रमांक दोन, फुटबॉल.

सभा तीन तास चालली. ए विंगला पाच खेळाडू आणि बी विंगला पाच, यावर एकमत झालं. अकरावा, म्हणजे गोलकीपर, अध्यक्षांना द्यावा असं ठरलं. अध्यक्ष वामनराव रेल्वेतून रिटायर झालेले होते आणि येणारी प्रत्येक गोष्ट अडवण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. बाकीच्या दहांसाठी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्या फ्लॅटने आपला खेळाडू निवडायचा आणि त्याचं बरंवाईट बघायचं. कप्तान कोणाला करायचं यावर मात्र जुंपली. ज्याचे पॉइंट दुप्पट होणार तो माणूस सगळ्यांत भारी हवा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सभेने ठरवलं की कप्तानपद फ्लॅटच्या नंबरांप्रमाणे दर आठवड्याला फिरेल, म्हणजे कोणाच्या मनात किल्मिष राहणार नाही. श्यामसुंदरने ठराव आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहून घेतला आणि त्याला खरोखर कृतकृत्य वाटलं.

मग घरोघर खेळाडू रुळले. वामनरावांनी वयाने ज्येष्ठ म्हणून पेंडलटन नावाचा सदतीस वर्षांचा गोलकीपर निवडला. हा आपल्या टीमचा दुसरा गोलकीपर होता, म्हणजे पहिला आजारी पडला तर खेळणार. पहिला ठणठणीत होता. पेंडलटन हे नाव वामनरावांच्या तोंडात बसेना, म्हणून ते त्याला पेंडसे म्हणू लागले. बी विंगमधल्या चारुलताबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना मॅकनॉटी नावाचा कोवळा पोरगा आवडला, कारण पेपरातल्या फोटोत तो पहिल्या बाकावरच्या मुलासारखा गुणी दिसत होता. हौसेराव जाचकांनी ब्रॅडवेल घेतला. हे हौसेराव मूळचे इंदापूरकडचे, मार्केटमध्ये त्यांचा कांद्याचा गाळा. श्यामसुंदरच्या खुर्चीवर त्यांचा डोळा गेली चार वर्षं होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नव्हता.

दुसऱ्याच शनिवारी मॅकनॉटीचा पाय मोडला. वर्षभर खेळणार नाही असं पेपरात आलं. पण त्याला काढायचं कसं? बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय कोणालाही काढता येत नाही, असं उपविधी सांगत होते. श्यामसुंदरने मॅकनॉटीला पंधरा दिवसांच्या मुदतीची कारणे दाखवा नोटीस विमानाच्या टपालाने पाठवली. त्याच पाकिटात चारुलताबाईंनी 'लवकर बरा हो' असं लिहिलेलं फुलांचं कार्ड घातलं. उत्तर आलं नाही. मग स्मरणपत्र गेलं. तोवर मॅकनॉटी दर आठवड्याला लिस्टमध्ये होताच.

ऑक्टोबरात हौसेरावांचा ब्रॅडवेल इंग्लंड सोडून इटलीत खेळायला गेला.

"आसा कसा गेला?" हौसेराव गच्चीवरच्या सभेत कडाडले. "सोसायटीची एनओसी घेतली का त्यानं? उद्या कोनबी उठंल आन जाईल!"

एनओसीशिवाय सोडलेली जागा रिकामी झाली असं मानता येत नाही, असा निर्णय वामनरावांनी दिला. ब्रॅडवेलही लिस्टमध्ये राहिला. दिवाळी उलटली तेव्हा नवचैतन्य आठात आठवी होती, आणि सातव्या नंबरची सोसायटी इतकी पुढे होती की मान उंच करून बघावं लागत होतं.

"सायेब," गुरुवारी केबलचे पैसे न्यायला आलेला दिपेश श्यामसुंदरला म्हणाला, "तुमचं अकरा कागदावर हाईत. तिकडं मैदानात चारच खेलतान. बाकीचं काय पूजेला बसवलं?"

श्यामसुंदरने हसण्यावारी नेलं. पण त्याच संध्याकाळी जिन्यात त्याने हौसेरावांचा आवाज ऐकला. ते वरच्या मजल्यावर कोणाला तरी सांगत होते, "टीम बुडाली ती सेक्रेटरीमुळं. मे महिन्यात फुटबॉल संपला की अविश्वासाचा ठराव आनतोच बघा. नऊ वर्सं झाली, आता बास."

त्याची पाचावर धारण बसली. घरी येऊन तो बूट न काढताच खुर्चीत बसला. सेक्रेटरीपद गेलं तर संध्याकाळी बसमधून उतरून करायचं काय? नाक्यापासून घरापर्यंत चालायचं कसं? वॉचमन उठला नाही तर त्याच्याकडे बघायचं की नाही बघायचं? आपण काहीच नाही आहोत, ही गोष्ट कंपनीत त्याला रोज कळायची. तीच आता घराच्या दारातही कळणार होती, आणि तिची त्याला खरीखुरी भीती वाटली.

"बाबा, तुमची लिस्ट चुकतेय," समोर अभ्यासाला बसलेली ऋता म्हणाली. ऋता त्याची एकुलती एक मुलगी, नववीतली. केबलवरच्या मॅच ती पहिल्यापासून बघत होती. बघू नको म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, कारण ती काय बघते हेच कोणी बघितलं नव्हतं. तिने दप्तरातून एक दोनशे पानी वही काढली. त्यात पेपरातली कात्रणं चिकटवली होती आणि पट्टीने रकाने आखले होते.

"आधी कोण खेळणार आहे ते बघायचं," ती म्हणाली. "ज्याला लागलंय तो नको. ज्याला रेड कार्ड मिळालंय तो तीन मॅच बाहेर, तो नको. मग मॅच कोणाशी आहे ते बघायचं. कच्च्या टीमशी असेल आणि घरच्या मैदानावर असेल तर त्यांचे दोघं-तिघं घ्यायचे. पेनल्टी कोण मारतो ते बघायचं, कारण तो काही न करताही एखादा गोल मारतोच. ज्या टीमच्या आठवड्यात दोन मॅच, तिचा माणूस कप्तान. आणि मागच्या आठवड्यात कितीही आवडला असला, तरी या आठवड्यात उपयोग नसेल तर काढायचा."

"आणि ज्येष्ठता?" श्यामसुंदरने विचारलं.

"ज्येष्ठता कशाला?"

त्याला पोरीची कीव आली. जगाचा काही अनुभव नाही बिचारीला. पण शुक्रवार दुसऱ्याच दिवशी होता, आणि जिन्यातला आवाज कानातून जात नव्हता. सभेने मंजूर केलेली लिस्ट त्याने खिशात ठेवली. ऋताची लिस्ट सोसायटीच्या लेटरहेडवर आपल्या अक्षरात उतरवली, खाली गोल शिक्का मारला आणि पेटीत टाकली. कागदाच्या तळाला 'टीम मॅनेजर' अशी एक रेघ असे. तिच्यावर ऋताला आपलं नाव हवं होतं.

"सोसायटीच्या कागदावर अठरा वर्षांखालच्या अज्ञान व्यक्तीची सही चालत नाही," श्यामसुंदर म्हणाला.

"मग जिंकलो तर कप घ्यायला मी जाणार. नक्की?"

"नक्की."

"मी ऐकलंय हं," स्वयंपाकघरातून मीना म्हणाली. मीना, श्यामसुंदरची बायको, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. दिवसभर लोकांची बोलणी जोडून देऊन आली की घरी ती मोजकंच बोलायची.

त्या सोमवारी नवचैतन्यला एकाच आठवड्यात इतके पॉइंट मिळाले, जितके आधीच्या दहा आठवड्यांत मिळून मिळाले नव्हते. दिपेश ऑफिसबाहेरच्या फळ्यावर प्रत्येक सोसायटीचे फक्त एकूण पॉइंट खडूने लिहायचा. कोणत्या खेळाडूने किती आणले ते तो लिहीत नसे, आणि नवचैतन्यमध्ये पेपरातलं इंग्रजी बारीक टायपात वाचण्याची हौस कोणाला नव्हती. पॉइंट आले, म्हणजे आपल्याच माणसाने आणले असणार. श्यामसुंदरने कोणाचा गैरसमज करून दिला नाही. झालेला दूर मात्र केला नाही.

नाताळात नवचैतन्य पाचवी होती, संक्रांतीला तिसरी, होळीला पहिली. दर शुक्रवारी ऋता वही उघडायची, तो उतरवून घ्यायचा, आणि दर सोमवारी सोसायटीत आनंदीआनंद व्हायचा. वामनराव सकाळी फिरायला जाताना भेटेल त्याला सांगायचे, "आमचा पेंडसे बघितलात ना? सदतिसाव्या वर्षी!" पेंडसे त्या मोसमात बाकावरून फक्त पाणी प्यायला उठला होता. हौसेराव म्हणायचे, "ब्रॅडवेल इटलीत आसला तरी मन हितंच हाय त्याचं." चारुलताबाईंनी तर पेढे वाटले. "पाय मोडलाय पोराचा," त्या डोळे टिपत म्हणाल्या, "पण पॉइंट आणायचं सोडलं नाही हो. याला म्हणतात संस्कार." श्यामसुंदरने दोन पेढे घेतले.

आणि त्याला हाका मारणं वाढलं. आता शेजारच्या सोसायट्यांचे सेक्रेटरीही त्याला नाक्यावर गाठायचे आणि टीम कशी बसवता म्हणून विचारायचे. "अभ्यास," तो म्हणायचा. "प्रत्येक खेळाडूचा अभ्यास करावा लागतो. आधी कोण खेळणार आहे ते बघायचं. मग मॅच कोणाशी आहे ते." पुढेपुढे तो हे इतक्या सराईतपणे सांगू लागला की आपण हे कुठे ऐकलं, हेही त्याच्या लक्षात राहीनासं झालं. चोरी पचली की माणसाला ती कमाई वाटायला लागते, आणि श्यामसुंदरची पचनशक्ती चांगली होती.

मे महिन्यात नवचैतन्यने कप जिंकला.

बक्षीस समारंभासाठी दिपेशने मोकळ्या प्लॉटवर मांडव घातला. आठही सोसायट्यांची माणसं संध्याकाळी सहाला खुर्च्या धरून बसली होती. ऋताने नवा पंजाबी ड्रेस घातला होता आणि आईकडून केस दोनदा विंचरून घेतले होते.

"पयला नंबर, नवचैतन्य सोसायटी!" दिपेश माइकमध्ये ओरडला. "कप घ्यायला येतान टीम म्यानेजर!"

टाळ्या सुरू झाल्या. श्यामसुंदर उठला. शेजारी ऋता उठली. मागच्या खुर्च्यांवरून "सेक्रेटरीसाहेब! सेक्रेटरीसाहेब!" असा गजर होत होता. तो त्याच्या कानात गेला आणि बाकीचं सगळं ऐकू यायचं बंद झालं. त्याने ऋताच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच तिला खाली बसवलं. "जरा थांब," तो पुटपुटला. "सगळे बघतायत." आणि तो एकटाच स्टेजवर गेला.

कप छातीशी धरून तो चार शब्द बोलला. नोकरी सांभाळून, रात्रीचा दिवस करून, एकेका खेळाडूचा अभ्यास करून आपण ही टीम कशी बसवली ते सांगितलं. टाळ्या पुन्हा झाल्या. मीनाने वाजवल्या नाहीत. ऋता खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

इथे समारंभ संपला असता तर श्यामसुंदर केळुसकर आजही सेक्रेटरी असता. पण दिपेशला उत्साह आवरेना. "आता आयका, च्यांपियन टीमची लिस्ट," तो म्हणाला, "नोव्हेंबरपासून मे महिन्यापावेतो कोन कोन होता, समदी वाचून दावतो!" आणि त्याने सहा महिन्यांचे कागद पेटीतून काढून एकेक नाव वाचलं. पन्नासेक नावं होती. त्यात पेंडलटन नव्हता. मॅकनॉटी नव्हता, ब्रॅडवेल नव्हता. सोसायटीने चिठ्ठ्या टाकून आपलासा केलेला एकही माणूस त्यात नव्हता.

नवचैतन्यच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे झाले. दिपेशने आइस्क्रीम वाटलं. त्यांच्यातल्या कोणी घेतलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी गच्चीवर विशेष सर्वसाधारण सभा भरली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंज्या होत्या, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. मधल्या टेबलावर तो कप ठेवला होता आणि कोणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. मीना बायकांमध्ये बसली होती. नऊ वर्षांत ती पहिल्यांदाच सभेला आली होती. ऋता तिच्या मागे कठड्याला टेकून उभी होती.

पहिले वामनराव उठले. "माझ्या पेंडशाला सहा महिने बाहेर बसवलंत, केळुसकर? आणि मी रोज सकाळी त्याचं कौतुक सांगायचो तेव्हा नुसती मान डोलवत होतात?"

"पण आपण जिंकलो, वामनराव," श्यामसुंदर म्हणाला.

"आपन कुठं जिंकलो?" हौसेराव उभे राहिले. "जिंकली ती भायेरची मानसं. ना ए विंगची, ना बी विंगची. सभेनं मंजूर क्येलेला कागद खिशात आन दुसराच कागद पेटीत! ह्यो आमच्या समद्यांचा अपमान हाय. त्यापरीस आठवा नंबर चालला आसता. आपली मानसं घिऊन आलेला आठवा नंबर!"

"बरोबर आहे," चारुलताबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मी पेढे वाटले हो. त्या पोराच्या नावाने वाटले."

सगळीकडून माना हलल्या. खोटं बोलला म्हणून त्याच्यावर रागावले असते तर ते ठीक होतं. पण ही माणसं त्याच्यावर जिंकल्याबद्दल रागावली होती, आणि यावर कोणता उपविधी लागतो ते त्याला आठवेना. नाक्यापासून घरापर्यंतचा तो रस्ता त्याच्या डोळ्यांपुढे आला, स्टुलावर तसाच बसून राहिलेला वॉचमन आला. काही करून यातून निसटायला हवं होतं.

"ती लिस्ट बनवली कोणी?" वामनरावांनी विचारलं. "एवढं सांगा."

"मी नाही," श्यामसुंदर म्हणाला. "मी नाही बनवली. ऋताने बनवली, आमच्या मुलीने. लहान आहे, तिला काय कळतंय सहकारातलं? वहीत काहीतरी खरडत असते. मी तिच्यावर विश्वास टाकून सही केली, एवढीच माझी चूक. तिला मी समज देईन."

अठरा फ्लॅटांची माणसं वळून त्या कठड्याजवळच्या मुलीकडे बघू लागली. ऋता रडली नाही. ती बापाकडे बघत राहिली, बराच वेळ, आणि मग तिने मान फिरवून रस्त्याकडे तोंड केलं.

"ते काय बी आसंल," हौसेराव म्हणाले, पण आवाज जरा उतरला होता. "माझा ठराव हाय. सेक्रेटरी श्यामसुंदर केळुसकर यांच्यावर या सभेचा विश्वास राहिलेला न्हाई. लिवून घ्या."

लिहून घेणारा श्यामसुंदरच होता. त्याने इतिवृत्ताचं रजिस्टर उघडलं आणि ठराव लिहिला. सूचक, श्री. हौसेराव जाचक. अनुमोदक. तिथे पेन थांबलं.

"अनुमोदन कोणाचं?" वामनरावांनी विचारलं.

कोणी बोलेना. रागावणं वेगळं आणि वाईटपणा घेणं वेगळं. उद्या जिन्यात तोंडाला तोंड पडणार, परवा त्याच्याकडेच टाकीची तक्रार घेऊन जावं लागणार. वामनराव अध्यक्ष, त्यांना अनुमोदन देता येत नव्हतं. चारुलताबाईंनी पर्समधला रुमाल शोधायला घेतला. दोघं-तिघं आकाशाकडे बघू लागले. श्यामसुंदरने सगळ्यांवरून नजर फिरवली. अनुमोदक नसेल तर ठराव पडतो. हौसेरावांना ठाऊक नसलं तरी त्याला ठाऊक होतं. आणखी अर्धा मिनिट, मग पेनाचं टोपण लावायचं आणि चहा मागवायचा.

"माझं अनुमोदन," मीना म्हणाली.

श्यामसुंदरला वाटलं, ती काही वेगळं बोलली असेल. ती उठून उभी राहिली होती.

"तुला नाही देता येत," तो घाईघाईने म्हणाला. सभेत सगळ्यांना अहोजाहो करायची त्याची पद्धत होती, तीही तो विसरला. "आपल्या फ्लॅटचं एकच मत असतं. ते मी देतो."

"फ्लॅट माझ्या नावावर आहे," मीना म्हणाली. "सिडकोच्या सोडतीत चिठ्ठी माझी निघाली होती. सभासद मी आहे. तुम्ही सहयोगी. सहयोगी सभासदाला मत कधी असतं, अहो? तुम्हीच घरी म्हणून दाखवता ना ते."

तो उपविधी त्याला तोंडपाठ होता, आणि त्याच्या ओठांवर आलाही होता. मूळ सभासद गैरहजर असल्यास.

"मी हजर आहे," मीना म्हणाली.

एकदा अनुमोदक मिळाला म्हटल्यावर बाकीचे हात भराभर वर गेले. वामनरावांनी मोजले आणि आकडा सांगितला. श्यामसुंदर रजिस्टरवर वाकला होता. ऊन कागदावर आलं होतं. त्याने अनुमोदकापुढे 'सौ.' लिहिलं आणि क्षणभर थांबला.

"सौ. नको," मीना म्हणाली. "नुसतं नाव लिहा."

त्याने 'सौ.' खोडलं, आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात बायकोचं पूर्ण नाव लिहिलं.